पेशीतल्या संदेशजाळ्याचं गणिती मॉडेल बांधताना: तीन मजली किनेज साखळी पहिल्या समीकरणापासून

मॉडेल बांधायला बसलं की पहिला मोह होतो तो भिंतीवरचा संदेशमार्गांचा अख्खा तक्ता समीकरणांत उतरवायचा. ग्राही, अडॅप्टर, मग एकामागून एक सक्रिय होणारी प्रथिनं रास, रॅफ, मेक, ईआरके, बाजूला पीआय३के, एकेटी, वर चार-पाच फीडबॅक (पुढच्या टप्प्याचा मागच्यावर होणारा परिणाम). चाळीस प्रथिनं, दीडशे बाण, दोनशे पॅरामीटर आणि हाताशी आठ वेळांचे वेस्टर्न ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं प्रतिपिंडांनी दाखवणारी चाचणी). असं मॉडेल कोणत्याही डेटावर बसतं, म्हणूनच ते काही सांगत नाही. बाण किती काढायचे हे तक्त्याने ठरवू नये. तुमचा प्रश्न आणि तुमची मोजमापं यांनी ठरवावं.

म्हणून आधी एक प्रश्न एका वाक्यात लिहा. "ईआरकेचा अभ्यास" हा प्रश्न होत नाही. "पीसी१२ पेशींमध्ये ईजीएफ दिल्यावर ईआरके थोडाच वेळ सक्रिय होतं आणि एनजीएफ दिल्यावर तासन्‌तास सक्रिय राहतं, हा फरक फीडबॅकच्या दिशेने समजावता येतो का?" हा प्रश्न आहे. (पीसी१२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशी; ईजीएफ आणि एनजीएफ ही वाढीचा संदेश देणारी प्रथिनं.) या प्रश्नातून तीन गोष्टी लगेच ठरतात: काय मोजायचं (दोन्ही उत्तेजनांखालचं सक्रिय ईआरके), किती वेळ (मिनिटं ते काही तास), आणि काय वगळायचं. पेशी विभाजन या वेळेत होत नाही, तर ते वगळा. प्रथिनांची निर्मिती आणि विघटन काही तासांत जाणवू लागतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या मॉडेलमध्ये एकूण प्रमाण कायम धरा. सहा तासांच्या मॉडेलमध्ये तसं धरणं महागात पडेल.

एककं आधी, समीकरणं नंतर

सर्वाधिक वेळ खाणाऱ्या चुका इथे होतात. एक जोडी निवडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. नॅनोमोलर आणि सेकंद ही जोडी संदेशवहनासाठी सोयीची, कारण बहुतेक संहती १ ते १००० च्या दरम्यान राहतात. जुन्या लेखांतले वेगांक (क्रियांच्या वेगाचे स्थिरांक) बहुधा "प्रति मोलर प्रति सेकंद" असतात. १०⁶ प्रति मोलर प्रति सेकंद म्हणजे ०.००१ प्रति नॅनोमोलर प्रति सेकंद. मिनिटांत हवं असेल तर ०.०६. हे रूपांतर प्रत्येक आकड्याशेजारी लिहून ठेवा. नंतर ६० च्या पटीतली चूक शोधणं फार त्रासाचं होतं, कारण मॉडेल चालतं, आलेखही सुबक येतो, फक्त तो चुकीचा असतो.

रेणूंची संख्या आणि संहती यांचा सांधा लक्षात असू द्या: १ पिकोलिटर आकारमानात १ नॅनोमोलर म्हणजे सुमारे ६०२ रेणू. सस्तन प्राण्यांच्या पेशी साधारण पिकोलिटरच्या घरात येतात, जिवाणू फेम्टोलिटरच्या. १ फेम्टोलिटरच्या जिवाणूत १ नॅनोमोलर म्हणजे एक रेणूसुद्धा नाही.

केंद्रक वेगळा कप्पा म्हणून घेतला असेल तर आणखी एक सापळा आहे. समजा पेशीद्रव २ पिकोलिटर आणि केंद्रक ०.५ पिकोलिटर. पेशीद्रवातून १०० नॅनोमोलर इतकं प्रथिन केंद्रकात गेलं, तर केंद्रकात १०० नव्हे, ४०० नॅनोमोलर वाढले पाहिजेत. रेणू तेवढेच, जागा चौपट लहान. दोन्ही बाजूंना सारखाच वेग लिहिला की रेणू हवेत विरतात. तपासणी सोपी: प्रत्येक कप्प्याची संहती गुणिले आकारमान अशी बेरीज करा आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलत नाही ना, ते पाहा.

एक चक्र हाताने सोडवा

कोणत्याही जाळ्याचा सुटा भाग म्हणजे एक फॉस्फरिलीकरण चक्र. किनेज फॉस्फेट लावतं, फॉस्फटेज काढतं. सर्वांत साधं रूप मास-अॅक्शनचं: लावण्याचा वेग क१ गुणिले रिकामं प्रथिन, काढण्याचा वेग क२ गुणिले फॉस्फरिलेटेड प्रथिन. किनेजचं प्रमाण क१ मध्येच धरलं आहे. समजा क१ = ०.०३ प्रति सेकंद, क२ = ०.०१ प्रति सेकंद. मग

स्थिर अवस्थेतला वाटा = क१ ÷ (क१ + क२) = ०.०३ ÷ ०.०४ = ०.७५
वेळेचा अंक (स्थिर अवस्थेकडे किती लवकर जातं याचं माप) = १ ÷ (क१ + क२) = २५ सेकंद

या दोन ओळींकडे थांबून पाहा, पुढच्या सगळ्या अडचणी त्यांत दडलेल्या आहेत. स्थिर अवस्थेवरून फक्त गुणोत्तर कळतं: क१ हा क२ च्या तिप्पट आहे, एवढंच. चढण्याच्या वेगावरून फक्त बेरीज कळते: ०.०४. दोन्ही मोजलं तरच दोन्ही आकडे हाती येतात. आणि फॉस्फटेज वाढवलं तर सिग्नल कमी होतो तसाच तो वेगवानही होतो: क२ = ०.०३ केला की वाटा ०.५ वर येतो आणि वेळ १७ सेकंदांच्या खाली. "फॉस्फटेज म्हणजे ब्रेक" ही उपमा त्यामुळे अर्धीच खरी आहे.

आता वास्तवात काय मोजलं जातं? वेस्टर्न ब्लॉटवर पट्टीची तीव्रता दिसते. ती "किती टक्के प्रथिन फॉस्फरिलेटेड" हे सांगत नाही, कुठल्या तरी अज्ञात पटीने गुणलेला आकडा सांगते. म्हणजे ०.७५ हा वाटा ब्लॉटवरून कळतच नाही आणि गुणोत्तर हातातून जातं. उरते बेरीज. यातून सुटका करणारा प्रयोग असा: प्रतिसाद चढल्यावर किनेज अचानक बंद करा, उदाहरणार्थ ईआरकेसाठी मेकचा अवरोधक घालून. आता उतार फक्त क२ चा. १०० सेकंदांचा वेळेचा अंक दिसला की क२ = ०.०१, आणि बेरजेतून वजा केलं की क१ = ०.०३. अज्ञात पट तशीच राहिली, तरी चढण आणि उतरण या दोन मोजमापांत दोन्ही वेगांक मिळाले. वाटाच थेट हवा असेल तर फॉस-टॅग जेल वापरा. त्यात फॉस्फरिलेटेड आणि रिकामी रूपं वेगळ्या उंचीवर येतात.

मायकेलिस-मेंटेन कधी लिहायचं, कधी नाही

एन्झाइमचं प्रमाण मर्यादित असतं, म्हणून वेग कमाल मर्यादेला टेकतो: कमाल वेग गुणिले सब्स्ट्रेट, भागिले (के-एम अधिक सब्स्ट्रेट). सब्स्ट्रेट म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू; के-एम म्हणजे वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो तेव्हाची सब्स्ट्रेटची संहती. हे मायकेलिस-मेंटेन सूत्र लावलं की चक्राचा स्वभावच बदलू शकतो. १९८१ मध्ये गोल्डबेटर आणि कोशलँड यांनी दाखवलं की दोन्ही एन्झाइम संपृक्त असतील तर प्रतिसाद जवळजवळ स्विचसारखा होतो. किती तीव्र, ते थेट काढता येतं. के-एमला एकूण प्रथिनाने भागा आणि त्या आकड्याला के म्हणा. दोन्ही एन्झाइमांसाठी के सारखा असेल तर प्रतिसाद १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर न्यायला किनेजचा वेग इतक्या पटीने वाढवावा लागतो:

पट = ८१ × (के + ०.१)² ÷ (के + ०.९)²

के = १ असेल तर २७ पट. के = ०.१ असेल तर ३.२४ पट. के = ०.०१ असेल तर फक्त १.१८ पट, म्हणजे सुमारे २६ हिल गुणांकाएवढी तीव्रता (हा गुणांक जितका मोठा, तितका प्रतिसाद स्विचसारखा). साध्या मास-अॅक्शनला ८१ पट लागतात. तुमच्या मॉडेलमध्ये कुठेही स्विच दिसला की आधी हे गुणोत्तर तपासा. बरेचदा जीवशास्त्रातला म्हणून मिरवलेला स्विच हा कुणीतरी घाईत टाकलेल्या लहान के-एमचा परिणाम निघतो.

पण सूत्रामागे एक अट आहे: सब्स्ट्रेटच्या तुलनेत एन्झाइम फारच कमी असलं पाहिजे. परीक्षानळीत ती पाळता येते, पेशीत बहुधा नाही. संदेशसाखळीत एका मजल्याचं सब्स्ट्रेट हेच पुढच्या मजल्याचं एन्झाइम असतं आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात असू शकतात. हुआंग आणि फेरेल यांच्या १९९६ च्या मॉडेलमध्ये (झेनोपस बेडकाच्या अंडपेशींसाठी) वरचं किनेज ३ नॅनोमोलर, पण मधलं आणि खालचं दोन्ही १२०० नॅनोमोलर धरलं आहे, आणि के-एम ३०० नॅनोमोलर. अशा वेळी सब्स्ट्रेटचा मोठा हिस्सा एन्झाइमला चिकटून अडकलेला असतो आणि मायकेलिस-मेंटेनला तो दिसत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक संकुल (एन्झाइम आणि सब्स्ट्रेटची चिकटलेली जोडी) वेगळं लिहिलं: ८ मूळ रूपं, १० संकुलं, ४ बाहेरची एन्झाइमं, एकूण २२ घटक. संकुल बनण्याचा वेगांक १००० प्रति मायक्रोमोलर प्रति मिनिट, सुटण्याचा १५० प्रति मिनिट, क्रियेचा १५० प्रति मिनिट; (१५० + १५०) ÷ १००० = ०.३ मायक्रोमोलर, बरोबर ३०० नॅनोमोलर. अशी बेरीज स्वतःच्या प्रत्येक संकुलासाठी करून पाहा. त्या मॉडेलने खालच्या मजल्याच्या प्रतिसादासाठी सुमारे ४.९ हिल गुणांक वर्तवला, मधल्यासाठी १.७.

व्यवहारात असं करा: एन्झाइम सब्स्ट्रेटच्या दहाव्या भागाहून जास्त असेल तर संकुलं उघडून लिहा. कमी असेल तर सूत्र चालेल.

सरावाचं मॉडेल

सुरुवातीला बोरिस खोलोडेंको यांचं २००० सालचं मॉडेल हाताने टाइप करा. फक्त ८ चल, १० क्रिया, आणि त्यात ऋण फीडबॅकमुळे आंदोलनं येतात. बायोमॉडेल्स या मुक्त संग्रहात ते १० व्या क्रमांकावर आहे (हुआंग-फेरेल ९ व्या), पण आयती फाइल उघडण्याआधी स्वतः लिहा. शिकणं टाइप करण्यात आहे.

मूळ लेखात मजल्यांना सर्वसाधारण नावं आहेत. इथे ओळखीसाठी रॅफ, मेक आणि ईआरके म्हणू. नावापुढचा अंक म्हणजे किती फॉस्फेट. एकूण रॅफ १००, मेक ३००, ईआरके ३०० नॅनोमोलर. वेग नॅनोमोलर प्रति सेकंद:

वेग१ (रॅफ० → रॅफ१) = २.५ × रॅफ० ÷ [(१ + ईआरके२ ÷ ९) × (१० + रॅफ०)]
वेग२ (रॅफ१ → रॅफ०) = ०.२५ × रॅफ१ ÷ (८ + रॅफ१)
वेग३ (मेक० → मेक१) = ०.०२५ × रॅफ१ × मेक० ÷ (१५ + मेक०)
वेग४ (मेक१ → मेक२) = ०.०२५ × रॅफ१ × मेक१ ÷ (१५ + मेक१)
वेग५ (मेक२ → मेक१) = ०.७५ × मेक२ ÷ (१५ + मेक२)
वेग६ (मेक१ → मेक०) = ०.७५ × मेक१ ÷ (१५ + मेक१)
वेग७ (ईआरके० → ईआरके१) = ०.०२५ × मेक२ × ईआरके० ÷ (१५ + ईआरके०)
वेग८ (ईआरके१ → ईआरके२) = ०.०२५ × मेक२ × ईआरके१ ÷ (१५ + ईआरके१)
वेग९ (ईआरके२ → ईआरके१) = ०.५ × ईआरके२ ÷ (१५ + ईआरके२)
वेग१० (ईआरके१ → ईआरके०) = ०.५ × ईआरके१ ÷ (१५ + ईआरके१)

प्रत्येक चलाचा बदल म्हणजे त्यात येणारे वेग उणे जाणारे वेग. मेक१ चं समीकरण सर्वाधिक चुकतं, कारण त्याला चार वेग लागतात: वेग३ − वेग४ + वेग५ − वेग६. ईआरके१ चंही तसंच.

सुरुवात: रॅफ० ९०, रॅफ१ १०, मेक० २८०, मेक१ १०, मेक२ १०, ईआरके० २८०, ईआरके१ १०, ईआरके२ १०.

कोड चालवण्याआधी शून्य वेळेचे वेग कॅल्क्युलेटरवर काढा. वेग१ = २२५ ÷ (२.१११ × १००) = १.०६६. वेग२ = ०.१३९. म्हणजे रॅफ१ सेकंदाला ०.९२७ नॅनोमोलरने वाढायला हवं. वेग३ = ०.२३७, वेग४ = ०.१, वेग५ आणि वेग६ प्रत्येकी ०.३, म्हणून मेक१ +०.१३७ आणि मेक२ −०.२. खालच्या मजल्यावर ईआरके२ −०.१. तुमच्या प्रोग्रामने पहिल्या क्षणी हेच आकडे दिले पाहिजेत. मेक२ आणि ईआरके२ आधी खाली जातात हे पाहून पुष्कळ जण चूक शोधायला धावतात. चूक नाही: रॅफ१ अजून १० वरच आहे, ते चढलं की मागोमाग मेक आणि मग ईआरके चढतात.

आता ९००० सेकंद चालवा. ईआरके२ वर-खाली होत राहील, न विरता. असं का, याचा ढोबळ हिशेब असा: वरच्या किनेजची कमाल २.५, समोरच्या फॉस्फटेजची ०.२५, म्हणजे दसपट. फीडबॅकचा छेद १० झाल्याशिवाय रॅफ उतरायला लागत नाही, आणि त्यासाठी ईआरके२ ला साधारण ९ × ९ = ८१ नॅनोमोलरपर्यंत जावं लागतं. ते तिथे पोहोचेपर्यंत मधले दोन मजले अजून वर ढकलतच असतात. खाली येतानाही तोच उशीर. शिवाय के-एम १५ आणि एकूण ३०० म्हणजे के = ०.०५, त्यामुळे मजले उतार-चढाव सौम्य करण्याऐवजी तीव्र करतात. उशीर, तीव्रता आणि ऋण फीडबॅक एकत्र आले की साखळी एका जागी टिकत नाही.

हे पटवून घ्यायला फीडबॅकमधला ९ बदलून ९०० करा. ईआरके२ जवळपास ३०० वर चढून तिथेच थांबेल. आधीच्या चालीत आंदोलनंच आली नसतील तर बहुतेक वेळा वेग१ मधल्या कंसात गडबड असते: (१ + ईआरके२ ÷ ९) हा पूर्ण छेदाला गुणला पाहिजे, फक्त १० ला नव्हे.

प्रत्येक चालीनंतर तिन्ही बेरजा तपासा: रॅफ १००, मेक ३००, ईआरके ३००. बेरीज हलली तर एखादा वेग एका समीकरणात आहे आणि जोडीच्या समीकरणात नाही.

सॉल्व्हर

सॉल्व्हर म्हणजे समीकरणं पावलापावलाने सोडवणारा प्रोग्राम. कोड न लिहिता काम करायचं तर कोपासी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पायथन येत असेल तर टेल्युरियम किंवा सरळ सायपाय. संदेशजाळी गणिताच्या भाषेत "स्टिफ" असतात: संकुलं मिलीसेकंदांत बनतात-सुटतात आणि प्रतिसाद तासभर चालतो. सायपायची मूळ पद्धत आरके४५ अशा वेळी अत्यंत लहान पावलं टाकत रखडते. स्टिफ समीकरणांसाठीच्या बीडीएफ किंवा एलएसओडीए या पद्धतींपैकी एक निवडा.

अचूकतेची मर्यादाही हाताने द्या. सायपायमध्ये न सांगता सापेक्ष मर्यादा १०⁻³ आणि निरपेक्ष १०⁻⁶ असते. संहती मोलरमध्ये लिहिली असेल तर १ नॅनोमोलर म्हणजे १०⁻⁹, म्हणजे सॉल्व्हरच्या लेखी तो शून्यच! उत्तर येतं, पण ते निरर्थक असतं. नॅनोमोलरमध्ये काम करा आणि सापेक्ष १०⁻⁶, निरपेक्ष १०⁻⁹ ठेवा. शंका आली की दोन्ही दहापट कडक करून आलेख हलतो का, ते पाहा.

आणखी दोन नेहमीच्या अडचणी. एक, उत्तेजनाचा छोटा झटका, समजा एका तासाच्या मध्यात पाच सेकंद. पावलं आपोआप मोठी होत गेलेला सॉल्व्हर त्यावरून सरळ उडी मारतो. उत्तेजन जिथे बदलतं तिथे सिम्युलेशनचे तुकडे करा आणि पुढचा तुकडा मागच्याच्या शेवटच्या आकड्यांपासून सुरू करा. दोन, संहती किंचित ऋण होणे, समजा −१०⁻¹². हिलच्या सूत्रात घात अपूर्णांक असेल तर ऋण पाया मिळताच उत्तरात "संख्या नाही" असा शेरा येतो आणि सगळं थांबतं. ऋण आकडा इतका लहान असेल तर मर्यादा कडक करा. मोठा असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही. कुठेतरी सब्स्ट्रेटवर अवलंबून नसलेला, वजा होणारा वेग लिहिला गेला आहे. तो शोधा.

उत्तेजनाआधीची पेशी सहसा स्थिर अवस्थेत असते. म्हणून उत्तेजन शून्य ठेवून मॉडेल आधी दीर्घकाळ चालवा, ते बसू द्या, मग उत्तेजन द्या. हे वगळलं तर पहिल्या काही मिनिटांत दिसणारी हालचाल संदेशाची की चुकीच्या सुरुवातीची, हे कळणार नाही.

डेटा जोडताना

ईजीएफसारख्या उत्तेजनाला ईआरके बहुतेक पेशींत काही मिनिटांत शिखर गाठतं. ०, ३०, ६० मिनिटं असे नमुने घेतले तर शिखर हुकलंच. सुरुवातीला दाट, पुढे विरळ: ०, २, ५, १०, १५, ३०, ६०, १२० मिनिटं.

ब्लॉटचे आकडे "कमाल बिंदू म्हणजे १००" असे बदलून मॉडेलला देऊ नका. त्या एका बिंदूची चूक मग सगळ्या बिंदूंत पसरते. त्याऐवजी प्रत्येक ब्लॉटसाठी एक अज्ञात पट मॉडेलमध्येच ठेवा आणि ती इतर पॅरामीटरांबरोबर बसवा. पार्श्वभूमी जाणवत असेल तर बेरजेचा एक अंकही. कोणतं रूप दिसतं याकडेही लक्ष द्या: सक्रिय ईआरकेची नेहमीची प्रतिपिंडं दुहेरी फॉस्फरिलेटेड रूप पकडतात, म्हणून डेटा ईआरके२ शी जोडा, ईआरके१ आणि ईआरके२ च्या बेरजेशी नाही.

ब्लॉट लाखो पेशींची सरासरी दाखवतो. फेरेल आणि मॅकलेडर यांनी १९९८ मध्ये झेनोपसच्या अंडपेशी एकेक करून तपासल्या तेव्हा समूहात हळूहळू चढणारा प्रतिसाद प्रत्यक्षात "पूर्ण किंवा काहीच नाही" असा निघाला. वाढत होतं ते चालू झालेल्या पेशींचं प्रमाण. सरासरीवर बसवलेलं मॉडेल इथे सौम्य वक्र दाखवेल आणि यंत्रणेबद्दल पूर्ण चुकीचं सांगेल. प्रश्न स्विचचा किंवा आंदोलनांचा असेल तर एकेका पेशीतला बायोसेन्सर डेटा हवाच.

पॅरामीटर बसवणे

सगळे पॅरामीटर लॉगमध्ये शोधा (१० पायाचा लॉग). वेगांक ०.००१ असू शकतो किंवा १०; साध्या मोजपट्टीवर शोधलं तर लहान आकड्यांकडे शोध फिरकतच नाही. प्रत्येकाला साधारण सहा दशकांची, म्हणजे दहा लाख पटींची, मुभा द्या, पण भौतिक मर्यादा ओलांडू नका: दोन प्रथिनं भेटण्याचा वेग विसरणाच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे सुमारे १०⁹ प्रति मोलर प्रति सेकंदापलीकडे, जाऊ शकत नाही.

एकदाच चालवून आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. लॅटिन हायपरक्यूबने (सगळा शोधपट्टा समान व्यापणाऱ्या निवडीने) पसरलेल्या किमान शंभर सुरुवातींपासून शोध घ्या. मग प्रत्येक शोधाचं अंतिम मूल्य चढत्या क्रमाने मांडा. डावीकडे एक सपाट पायरी दिसली, म्हणजे वीस-तीस शोध एकाच मूल्यावर पोहोचले, तर बरं. प्रत्येक शोध वेगळ्या मूल्यावर अडकला असेल तर शोध अपुरा आहे किंवा सॉल्व्हरची मर्यादा सैल आहे. सैल मर्यादेमुळे मूल्यात बारीक खडबडीतपणा येतो आणि ग्रेडियंटवर चालणारी पद्धत त्यात रुतून बसते.

एखादा पॅरामीटर शोधाच्या कडेला जाऊन चिकटला तर कडा रुंद करण्याआधी विचार करा. बहुधा डेटा सांगत असतो की ती क्रिया "खूप वेगवान" आहे, किती ते महत्त्वाचं नाही. अशी क्रिया समतोलात धरून एक पॅरामीटर कमी करा.

कुठला आकडा खरोखर कळला?

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मॉडेल तिथेच फसतं. प्रत्येक पॅरामीटरसाठी त्याची किंमत थोडी थोडी हलवा, दर वेळी बाकीचे सगळे पुन्हा बसवा आणि उणे दोन लॉग-लाइकलिहुड (मॉडेल डेटापासून किती दूर आहे याचं माप) किती वाढतं, ते आखा. दोन्ही बाजूंना ३.८४ ने चढलं तर तेवढा पट्टा हा ९५ टक्क्यांचा विश्वासपट्टा. एका बाजूला चढून दुसरीकडे आडवंच राहिलं तर डेटा अपुरा किंवा गोंगाटाचा आहे. दोन्हीकडे पूर्ण सपाट असेल तर दोष समीकरणांच्या रचनेत आहे आणि तेच मोजमाप कितीही वेळा केलं तरी फायदा नाही.

वरच्या एका चक्रात हेच झालं होतं. अज्ञात पट, क१ आणि क२. फक्त चढणीचा डेटा. क१ वाढवा, क२ तेवढाच घटवा, पट जुळवून घ्या, वक्र तोच. रेष पूर्ण सपाट. उतरणीचे चार बिंदू आले आणि दोन्ही पट्टे बंद झाले. मोठ्या मॉडेलमध्येही रीत तीच: सपाट रेषेवरून चालताना कोणते दुसरे पॅरामीटर सोबत हलतात ते पाहा, आणि त्यांना वेगळं पाडणारा प्रयोग शोधा. त्या रेषेच्या दोन टोकांना मॉडेलचा अंदाज जिथे सर्वांत वेगळा पडतो, तिथे पुढचा नमुना घ्या.

सगळे पॅरामीटर कळलेच पाहिजेत असंही नाही. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर सपाट रेषेवर कुठेही तेच राहत असेल तर तो पॅरामीटर सोडून द्या.

जिथे साधी समीकरणं पुरत नाहीत

रेणू कमी असतील तर योगायोगाची चढउतार जाणवते: साधारण वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे १०० रेणूंत १० टक्के, १०,००० रेणूंत १ टक्का. एखाद्या जनुकाच्या दोन प्रतींसाठी डिफरन्शियल समीकरण लिहिणं चुकीचंच. तिथे एकेक क्रिया योगायोगाने घडवणारी गिलेस्पी यांची १९७७ ची पद्धत वापरा आणि वेगांक संहतीतून रेणूसंख्येत बदलायला विसरू नका. दोन रेणूंच्या क्रियेत आकारमानाने भागावं लागतं, एका रेणूच्या क्रियेत नाही.

दुसरी अडचण अवस्थांची. ग्राहीवर १० जागा असतील, प्रत्येक रिकामी किंवा फॉस्फरिलेटेड, तर १०२४ अवस्था. असे दोन ग्राही जोडीत आले की ५,२४,८०० जोड्या. इतकी समीकरणं हाताने कोणी लिहू नयेत. बायोनेटजेन किंवा पायएसबीमध्ये नियम लिहा, "ही जागा फॉस्फरिलेटेड असेल तर अडॅप्टर चिकटतं, बाकी जागांचं काहीही असो", आणि समीकरणं प्रोग्रामला बनवू द्या.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

डेटाचा एक संच आधीपासून बाजूला ठेवा, बसवताना त्याला हात लावू नका. तो वेगळ्या प्रकारचा असावा: डोस बदलून बसवलं असेल तर अवरोधकाचा डेटा राखून ठेवा. अंदाज नुसत्या एका रेषेने देऊ नका. स्वीकारार्ह पॅरामीटर-संचांतून येणारा पूर्ण पट्टा आखा. मोजमाप पट्ट्याबाहेर पडलं तर पॅरामीटर पुन्हा ढवळू नका. एखादा बाण कमी आहे किंवा जास्त आहे. दोन-तीन पर्यायी रचना लिहून एआयसीने (जास्त पॅरामीटरांना दंड लावणाऱ्या निकषाने) तुलना करा. बिंदू थोडे असतील तर लहान नमुन्यांसाठीची दुरुस्ती लावलेला एआयसीसी घ्या.

मॉडेल एसबीएमएलमध्ये (अशा मॉडेलांच्या सामाईक फाइल-स्वरूपात) साठवा आणि ते रिकाम्या फोल्डरमधून, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तोच आलेख येतो का, ते पाहा. सोबत ठेवायच्या गोष्टी: प्रत्येक पॅरामीटरचं एकक, सुरुवातीची सर्व मूल्यं, सॉल्व्हरचं नाव आणि दोन्ही मर्यादा, बसवण्यातल्या यादृच्छिक सुरुवातींचा बीजांक, आणि प्रत्येक आकडा मोजलेला आहे, बसवलेला आहे की धरून चाललेला, असा तिसरा रकाना असलेली एक सारणी.